तळ्याकाठची सोन्याची कडी

कोवळी उन्हं पाण्यावर पडली, तशी येलहंक्याच्या तळ्याकाठी झुंबड उडाली. एकेक भक्त पाण्याकडे पाठ करून उभा राही. समोर वलयानंद महाराज कॅमेऱ्याची जाडजूड, आखूड लेन्स फिरवत मंत्र पुटपुटत आणि बटण दाबत. फोटोत भक्तामागे सोन्याची कडीच कडी!

"हे तुमचे पितर! फोनला दिसत नाहीत, आमच्या दिव्यनेत्रालाच दिसतात," महाराज गरजले. "पितर पाठीशी असताना औषधं कशाला? सरी ना, अक्का, बरोबर ना?"

कौशल्याबाईंनी भक्तिभावाने मान डोलावली. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. फोटोत कडी उमटल्यापासून त्यांनी इन्सुलिन सोडलं होतं. काल ओट्यापाशी भोवळ येऊन पडल्या, तरी सुनेला म्हणाल्या, "हे आहेत ना पाठीशी."

सून नयना आज मुद्दाम सोबत आली होती. लेन्सच्या तोंडावरची काळी चकती दिसताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पक्ष्यांच्या फोटोंसाठी तिने असलीच स्वस्तातली आरशाची लेन्स घेतली होती. तिच्या फोटोंत बगळ्यांमागेही अशीच कडी यायची!

तिने पायातली चप्पल काढून पाण्यासमोरच्या एका स्टुलावर ठेवली. "महाराज, हिचा फोटो काढा."

"काय हा अपमान!" पट्टशिष्य नागराज ओरडला.

"अपमान कसला? चपलेला पितर नसतात. कडी आली नाहीत, तर मीही पाया पडेन."

"आज दिव्यनेत्र थकलाय," महाराज पुटपुटले.

"मी काढतो, गुरुजी! हिचं तोंड बंद होऊ दे." भाबड्या नागराजने कॅमेरा घेतला, बटण दाबलं आणि फोटो पाहून त्याचा चेहराच उतरला. चपलेमागे पितरांची जत्रा भरली होती.

महाराजांनी सारवासारव केली, "चामडं आहे ना! त्या जनावराचे पितर."

"रबराची आहे, महाराज."

गर्दीत हशा पिकला. नयनाने कॅमेरा हातात घेतला आणि लेन्सची कडा फिरवून पाण्यावर फोकस केला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची कडी आक्रसत गेली. उरली ती लाटांवरची उन्हाची चमचम.

"लेन्सच्या मधोमध छोटा आरसा असतो. तो मधला उजेड अडवतो. म्हणून मागची अस्पष्ट चमक कड्यासारखी दिसते. यात मंत्र नाही, पितर नाहीत. आहे तो फक्त लबाड माणूस."

महाराज कफनी सावरत पळत सुटले, ते थेट रिक्षात जाऊन बसले.

"मग हे आलेच नव्हते?" कौशल्याबाईंनी हळूच विचारलं.

"नाही, आई." नयनाने त्यांना जवळ घेतलं. त्या पोटभर रडल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "चल, डॉक्टरांकडे जाऊ."

दुःखी माणसाला फसवायला फारशी अक्कल लागत नाही. फसू नये म्हणून मात्र एक साधा प्रश्न पुरतो : हे झालं कसं? तो बेधडक विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्यापुढे हात जोडू नका.