घटापुढची गोळी

“दंड सैल सोडा मावशी, फुगडी खेळायला न्हाई आले मी!” वालूरच्या आशा सेविकेनं, पंकजानं, धुरपदाबाईच्या दंडाला पट्टा आवळत दटावलं.

नवरात्रातली चौथी माळ. घटाभोवतीचं धान पोपटी कोंबांनी वर आलेलं. उपासानं हलकी झालेली धुरपदाबाई सकाळपासून आपलीच ओवी घोळवत होती –

घटी उगवलं धान, हिरवं हिरवं गं रान,
आई, धन्याच्या हातात घाल तेवढंच त्राण.

पट्टा फुगला, फुसकन सुटला. पंकजाचं हसू मावळलं.

“बीपी लय वाढलंय. गोळी घ्यायलाव का न्हाई?”

“उपासाला गोळी कशी चालंल, बाई? दसरा होऊ दे, मग दोन-दोन खाते.”

“दोन-दोन? जिलबी हाय का ती!”

बाजेवर बसलेला धुरपदाबाईचा नवरा, सुग्रीव, खुदकन हसला. हसू तोंडाच्या एकाच बाजूला उमटलं. मागच्या वर्षी उपकेंद्रातून फुकट मिळालेल्या बीपीच्या गोळ्या त्यानं ‘मला काय झालंय’ म्हणत कोनाड्यात टाकल्या होत्या. मग एका सकाळी लकवा मारून तो बांधावर आडवा झाला. जीप, परभणी, तिथून नांदेड. बाहेरच्या तपासण्या, सोबतच्यांचं राहणं-खाणं. त्या खर्चापायी दुभती म्हैस दावणीवरनं सुटली ती गेलीच. सुग्रीव परतला, पण उजवा हात तेव्हापासून नुसता खांद्याला लोंबत होता.

“आता तुमी पडलाव तर काय इकणार? काकांना?” पंकजा म्हणाली.

“ह्यांना कोन घेईल, माय? दूध बी देत न्हाईत!”

तिघंही पोट धरून हसली. गोळी मात्र पाकिटातच राहिली. धुरपदाबाईला भीती नव्हती असं नाही. पण यंदाचा उपास तिनं त्या हातासाठीच धरला होता. तो मोडला तर देवीपुढं कोणत्या तोंडानं बसायचं?

सुग्रीव काठी टेकत उठला. पंकजाकडून गोळी घेऊन त्यानं ती घटापुढं ठेवली, वर कुंकवाचं बोट टेकवलं, डोळे मिटले. मग डाव्या हातानं गोळी उचलून बायकोपुढं धरली.

“घे... परसाद.”

परसाद म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं! धुरपदाबाईनं शेवटची पळवाट काढली. “देवीचा परसाद, आन् डाव्या हातानं?”

सुग्रीव थबकला. गोळी त्यानं उजव्या तळव्यात ठेवली, बोटं एकेक करून मिटवली आणि डाव्या हाताचा टेकू कोपराखाली दिला. हात थरथरत निघाला, छातीशी येऊन अडला. पंकजा धरायला पुढं झाली. धुरपदाबाईनं तिला नजरेनंच मागं सारलं.

तिनं कपाळावर पदर ओढला, दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

“येऊ द्या सावकाश,” ती म्हणाली. “मला काय घाई न्हाई.”