दोन डॉक्टरांचा खेळाडू

आमचे हे आयुष्यात एकाही फिटनेस टेस्टमध्ये नापास झाले नाहीत, आणि खरेपणानं एकही पास झाले नाहीत. चौदा वर्षं एकाच फुटबॉल क्लबकडून राइट बॅक, त्यातली नऊ देशाकडूनही, एकूण त्रेपन्न आंतरराष्ट्रीय सामने. त्यांच्या बाजूनं कुणी आत शिरत नसे, म्हणून पेपरवाले त्यांना ‘कुलूप’ म्हणायचे.

कुलपाचा उजवा गुडघा तिसऱ्याच वर्षी कामातून गेला होता, हे फक्त मला ठाऊक. शनिवारी क्लबचा डॉक्टर सामन्याआधी दुखणं मारायचं इंजेक्शन द्यायचा. बुधवारी देशाच्या संघाचा डॉक्टर विचारायचा, काही घेतलंय का? हे म्हणायचे, छे. मग तोही द्यायचा. क्लबात परत आले की हीच थाप उलट्या बाजूनं. दोघांनाही वाटायचं, एखाददुसऱ्या इंजेक्शनवर गडी महिना काढतो, काय लोखंडाचा आहे. मधल्या दिवसांच्या गोळ्या मी मोज्यांत गुंडाळून बॅगेत ठेवायची. कौतुकानं ठेवायची, हे सांगायला आता लाज वाटते.

आमची लेक सत्तावीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. म्हणजे शिकवायची. दीड वर्षापूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशिनवर झोपावं लागतं. त्यासाठी हातात जोडून दिलेली शीर तीनदा बंद पडली, आता मानेतल्या नळीवर चाललंय आणि तीही दोनदा पिकली. ‘नळीवर फार दिवस काढता येणार नाहीत,’ असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. मला मधुमेह, म्हणून किडनी द्यायला मी आधीच बाद. यादीत नंबर लागायला चार वर्षं. राहिले हे. ह्यांचा रक्तगट जुळला त्या दिवशी बाहेरच्या खोलीत लंगडत नाचले, आणि मीही वेड्यासारखी टाळ्या वाजवल्या.

तपासणीचं पत्र आलं आणि चौपन्नाव्या वर्षी ह्यांच्यातला खेळाडू जागा झाला. केसांना कलप लावला. रोज सकाळी तासभर चालायला लागले. चार दिवसांत गुडघा नारळाएवढा सुजला.

‘लंगडताना दिसलो तर बाद करतील,’ हे म्हणाले.

‘अहो, किडनी बघणार आहेत, गुडघा नाही.’

‘तुला नाही कळायचं. डॉक्टर आधी माणसाची चाल बघतो.’

पत्रात खाली लिहिलं होतं, पंधरा दिवस दुखण्याची कुठलीही गोळी घेऊ नये. ह्यांनी ते वाचून मान डोलावली आणि रोज चार घेतल्या. मी काय केलं? कानाडोळा केला. तपासणीच्या सकाळी ह्यांना जिना उतरवेना, तेव्हा ड्रॉवर उघडून दोन गोळ्या मीच हातावर ठेवल्या. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. दवाखान्यात ताठ चालले माझे कुलूप. फॉर्ममध्ये ‘वेदनाशामक औषधे घेता का?’ असा प्रश्न होता. त्यापुढे ‘नाही’वर खूण करताना पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं.

‘रक्ताची तपासणी चांगली आली नाही. काही गोळ्या घेता?’

‘नाही,’ हे म्हणाले.

त्या माझ्याकडे वळल्या. मी सगळं सांगून टाकलं, गोळ्या, इंजेक्शनं, दोन डॉक्टर, मोजे. हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी आपल्याच गोलात बॉल मारला.

‘पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी बिघडलेलं रक्त थोडं सुधारतं,’ बाई म्हणाल्या. मग त्यांनी स्कॅनचा फोटो पुढे केला. ‘पण हे बघा. दोन्ही किडन्या आक्रसल्यात, आतून व्रण पडलेत. हे वर्षानुवर्षांच्या गोळ्या-इंजेक्शनांचं आहे. आता तुम्हालाच जपून राहावं लागेल.’

‘त्यातली बरी असेल ती घ्या. उरलेलीवर माझं मी बघतो.’

‘देण्यासारखी एकही नाही.’

‘वर्षभर चालेल ना तिला? सहा महिने? मी लिहून देतो, काय होईल ते माझ्यावर.’

बाईंनी फाइल मिटली. हे खुर्चीतून उठले आणि टेबलाला धरून त्यांच्या पायाशी बसायला निघाले. गुडघा वाकेना. मी दंडाला धरून वर ओढलं, तर लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. देशासाठी खेळताना पाय मोडला तेव्हाही हा माणूस रडला नव्हता.

लेक खालच्या मजल्यावर मशिनवर होती. तिनं आमचे चेहरे पाहिले.

‘नाही ना?’

हे खाटेवर तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच एका दमात खरं बोलले. ती नळी न हलवता ऐकत होती. मग म्हणाली,

‘माझ्या सातव्या वाढदिवसाची मॅच, तीसुद्धा?’

त्या दिवशी गुडघा इतका वाईट होता की ह्यांनी स्वतः प्रशिक्षकाला फोन करून ‘खेळत नाही’ म्हणून सांगितलं होतं, पहिल्यांदाच. पण पोरीनं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, आज माझे बाबा खेळणार. ह्यांच्या पायाला मिठी मारून ती ऊर फुटेस्तोवर रडली. मग ह्यांनी पुन्हा फोन केला. दोन इंजेक्शनं घेऊन नव्वद मिनिटं खेळले.

‘छे ग,’ हे म्हणाले. ‘त्या दिवशी मी ठणठणीत होतो. गोळीसुद्धा घेतली नव्हती.’ चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

‘खरंच,’ मी म्हटलं. ‘त्या दिवशी नाही.’

‘तुम्ही फोनवर नाही म्हणाला होतात, बाबा. मी रडले होते. मला आठवतंय.’

‘ते दुसऱ्या वेळचं. तू लहान होतीस, तुझा घोळ होतोय.’

‘मी फ्रॉकला तुमच्या पायाचं मलम लागेपर्यंत रडले होते.’

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेकीनं चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी येत होतं आणि नळीमुळे तिला मान वळवता येत नव्हती. हे तिचे पाय चेपत पुन्हा पुन्हा सांगत राहिले, नाही ग, तो वाढदिवस नव्हताच, आईला विचार. आणि मी दर वेळी हो म्हणत राहिले. मशिन संपायला अजून दोन तास होते.