हळदीआधीची तडजोड

साखरपुडा होऊन आठवडाही झाला नव्हता. प्रणितने अंकिताला वडाळे तलावावर बोलावलं आणि भेळ हातात यायच्या आधीच सांगून टाकलं, "माझ्यावर क्रेडिट कार्डांचं कर्ज आहे. व्याज धरून साडेनऊ लाख. तुला लग्न मोडायचं असेल तर मोड, मी काही बोलणार नाही."

अंकिता नवीन पनवेलच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांची आखडलेली अंगं मोकळी करण्यातच तिचा दिवस जायचा. ती म्हणाली, "आधी नीट सांग. कशावर उडवलेस?"

उडवले नव्हते. प्रणितने कर्जावर एक ट्रेलर घेतला होता आणि द्रोणागिरीच्या गोदामांतून कंटेनर न्यायचं काम धरलं होतं. ज्या कंपनीचा माल तो न्यायचा तिने बिलं थकवली. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, सगळं तो एकाच बँकेच्या दोन कार्डांवर भागवत गेला. मग ती कंपनीच बंद पडली. ट्रेलर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला, कार्डांचं कर्ज तेवढं राहिलं. आता तो तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर होता आणि घरी कुणाला यातलं काही माहीत नव्हतं.

"ऑनलाइन रमी वगैरे?" अंकिताने विचारलं.

"शपथ नाही."

"मग एवढं तोंड पाडून काय बसलायस? मला वाटलं, तुझी आधीची बायको निघतेय."

प्रणितला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी तो असा मोकळा हसला होता.

त्याने ठरवलं होतं की कोर्टात नादारीचा अर्ज टाकायचा. एकदा दिवाळखोर म्हणून जाहीर झालं की वसुलीवाल्यांचे फोन बंद, असं त्याला एका मित्राने सांगितलं होतं. अंकिता म्हणाली, "मित्र वकील आहे का? नाही ना? मग चल माझ्याबरोबर."

अंकिताकडे मानेच्या दुखण्यासाठी रेवा नावाच्या वकीलबाई यायच्या. कोर्टाजवळच त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नादारी ही काही लाजेची गोष्ट नाही," त्या म्हणाल्या. "ज्याच्याकडे खरंच काही उरलं नाही त्याच्यासाठी कायद्याने ते दार ठेवलंय. पण प्रणित, तुमचं रोडपालीचं घर कुठल्या जागेवर आहे?"

"साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर. नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतली, तिच्या बदल्यात तेवढा हिस्सा परत मिळालेला."

"त्यावर तुझं नाव आहे?"

"बाबांचं आणि माझं."

"मग तू नादार कसा? अर्ज मंजूर झालाच, तर तुझा तो हिस्सा आधी कोर्टाच्या ताब्यात जाईल. त्यातून बँकेचं देणं भागवतील, आणि हे प्रकरण वर्षानुवर्षं चालेल. त्यापेक्षा लोकअदालतीत बँकेशी तडजोड कर. एकरकमी काही दे, बाकीचं सोडायला लाव. मात्र बँकांच्या नोंदीत तुझ्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा राहील. काही वर्षं गृहकर्ज वगैरे मिळणं कठीण."

"आम्हाला घर आहे," अंकिता बोलून गेली आणि 'आम्हाला' म्हटल्यावर स्वतःच लाजली.

प्रणितकडे दीड लाख साठले होते. आणखी पैसे घरात होते, पण ते वडिलांनी, तुळशीरामनी, हळदीसाठी बाजूला काढलेले. अख्ख्या गावाला मटणाचं जेवण, वर डीजे. त्या संध्याकाळी प्रणितने ओटीवर बसून वडिलांना सगळं सांगितलं. सांगताना त्याने मान वर केली नाही.

तुळशीरामनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सगल्या गावाच्या हळदी जेवलो आमी. आता माज्या पोराच्या हळदीला लोकांना काय पानी पाजू?"

"पाजा की," आतून प्रणितची आई चंद्रावती म्हणाली. "उन्हालाच हाय."

तुळशीरामना हसू येत होतं, पण ते दाबून ते मुलाकडे वळले. "पैशाचं मना काय नाय रं. दोन वर्सं एकटा सोसत व्हतास. बाप येवढा परका वाटला तुला?"

तुळशीरामनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ने ते पैसे. पन हळद व्हनार. घरातल्या घरात व्हईल, पन व्हनार."

लोकअदालत शनिवारी होती. पनवेल कोर्टात बँकांची टेबलं मांडली होती आणि पॅनेलवर एक निवृत्त न्यायाधीश बाई बसल्या होत्या. बँकेच्या अधिकाऱ्याने फाइल उघडून साडेसहा लाख मागितले.

"तीन," शेजारून अंकिता म्हणाली.

अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तुम्ही यांच्या कोण?"

"अजून कोणी नाही. तुमच्या आकड्यावर आहे ते."

न्यायाधीश बाई खळखळून हसल्या. पलीकडच्या टेबलावरचे लोकही वळून बघू लागले. हसू ओसरल्यावर अंकिताने शांतपणे मांडलं: खर्च मुळात साडेपाच लाखांचा, त्यातले जवळजवळ तीन याने आधीच भरलेत, राहिलेला डोंगर व्याजाचा आणि दंडाचा. बाईंनी अधिकाऱ्याला विचारलं, "हे बरोबर आहे?" त्याने होकारार्थी मान हलवली आणि फोन घेऊन तो बाहेर गेला. आधी पाचवर आला, मग पुन्हा बाहेर गेला.

"सव्वाचार," परत येऊन तो म्हणाला. "याच्या खाली माझ्या हातात नाही."

अंकिता तोंड उघडणार इतक्यात प्रणितच बोलला. "सव्वाचार देतो. आज निम्मे, महिन्याभरात बाकीचे. पण उरलेलं सगळं माफ, यापुढे फोन नाही, घरी माणूस नाही, हे तडजोडीत लिहून पाहिजे."

"लिहू," अधिकारी म्हणाला, आणि सही करता करता पुटपुटला, "माझ्या टेबलावर आज पहिल्यांदाच कोणी हसलं."

बाहेर आल्यावर प्रणितने दोन ग्लास उसाचा रस घेतला आणि दोन्ही एकट्यानेच पिऊन टाकले. अंकिता बघतच राहिली. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने तिच्यासाठी तिसरा मागवला.

हळदीच्या दिवशी रोडपालीच्या घरापुढे छोटासा मांडव पडला. डीजे नव्हता, म्हणून लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या धवलारीण आजीचा आवाज कितीतरी वर्षांनी गल्लीच्या टोकापर्यंत पोचला. तिचे धवले ऐकून शेजारच्या म्हाताऱ्या बायका उंबऱ्याबाहेर आल्या, मग मांडवात आल्या, आणि विसरलेल्या ओळी एकमेकींना आठवून देत गाऊ लागल्या. चंद्रावतीने प्रणितला हळद लावली, आणि उरलेली मूठ तुळशीरामांच्या गालांवर फासली. ते लटकेच ओरडले आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागले.

तिकडे शिरढोणला आपल्या घरी अंकिताही हळदीने माखून बसली होती. तिने व्हिडिओ कॉल लावला. "इतकी गर्दी? घरातल्या घरात म्हणाले होते ना बाबा?"

"बोलावलं कोणालाच नाही," प्रणित ओरडून म्हणाला. "गाणी ऐकून आले सगळे. आई अजून वडे तळतेय!"