आधी तार

मावशीच्या हाताखाली गडी टिकत नसे, आणि त्याला कारण खुद्द मावशीच. नवा माणूस कामावर आला की त्याची विचारपूस करायच्या आधी ती त्याला एक वाक्य ऐकवी, "आधी तार, मग बाकी." आभाळ कोसळो नाहीतर घरात चोर शिरो, सकाळी उठलं की आधी कुंपणाला एक फेरी. चहा त्याच्यानंतर. एकाने हा क्रम उलटा लावला, त्याला तिने चहा अर्धा प्यायलेला असतानाच घरी पाठवला. कप मात्र ठेवून घेतला.

गावाच्या टोकाला तिचं डुकरांचं शेड होतं. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणूस, विकून टाक आणि मुलीकडे जाऊन राहा. मावशीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन डुकरिणी आणल्या. शेडच्या मागे मोकळं रान, आणि त्याच्याभोवती भिंत नाही, जाळी नाही, नुसती पांढरी दोरी. दोरीत बारीक तारा विणलेल्या, तारांत करंट. पिल्लू लहानपणी कुतूहलाने नाक लावायला जातं, एकदा सणसणीत झटका बसतो, की झालं. मग ती दोरी दिसली की जनावर थांबणार. करंट बंद करा, दोरी काढून टाका, तरी जिथे दोरी होती तिथे येऊन ते थांबतं. माणसाला शहाणपण यायला दहा ठेचा लागतात, डुकराला एक पुरते, असं मावशी म्हणे, आणि म्हणताना समोरच्याकडे बघे.

या सगळ्यांत तिचा जीव होता भोपळ्यावर. भोपळ्या म्हणजे कळपातला नर. पिल्लू असताना त्याची आई त्याला अंगाखाली चिरडायला निघाली होती, म्हणून मावशीने त्याला स्वयंपाकघरात खोक्यात ठेवून बाटलीने दूध पाजलं. खोक्याच्या खिळ्याने त्याचा उजवा कान फाटला, तो फाटलेलाच राहिला. मोठा झाल्यावर तो फाटकाशी उभा राहून बादलीच्या आवाजाची वाट बघे आणि घशातल्या घशात बारीक हुंकार देई, अगदी बाटलीच्या वेळी द्यायचा तसा. मुलगी म्हणे, आई, मला कधी एवढं जपलं नाहीस. मावशी म्हणे, तू कधी एवढी शहाण्यासारखी वागली नाहीस.

वादळ झालं त्या दिवशी बांधावरचं जुनं झाड कुंपणावर आडवं झालं. फाटकाजवळची दोरी भुईसपाट झाली. बाकीची डुकरं कोपऱ्यात दाटीवाटीने थरथरत उभी राहिली, पण भोपळ्या झाडाच्या अगदी खाली होता. तो असा उधळला की फांद्या, दोरी, चिखल, काही न बघता बाहेर पडला आणि ओढ्याच्या दिशेने दिसेनासा झाला. मावशीने काय केलं? आयुष्यभर जे केलं तेच. आधी तार. फांद्या तोडल्या, नवी दोरी ओढली, करंट सोडला, आतली सगळी जनावरं जागच्या जागी आहेत याची खात्री केली, आणि मग भोपळ्याला शोधायला निघाली. तोवर ओढा दुथडी भरून वाहत होता. खुरांचे ठसे काठापर्यंत गेलेले होते. पुढे पाणी.

आता सरकारी कचेरीचा नियम असा, की पाळलेलं जनावर सुटलं आणि मालकाने ते लपवलं, तर शेडचा परवाना रद्द. मावशी कचेरीत गेली आणि सांगून आली की नर ओढ्यात बुडाला. बुडताना तिने पाहिला नव्हता, मेलेलाही पाहिला नव्हता. पण बुडाला म्हटलं की विषय संपत होता, आणि सुटला म्हटलं की सुरू होत होता.

विषय संपला नाही. थोड्याच दिवसांत कुणीतरी गावाची शेतं उकरायला लागलं. शेजारच्या काकूचं बटाट्याचं वावर तर असं उलटंपालटं केलं की नांगराला लाज वाटावी. काकू आणि मावशी म्हणजे रोजची संध्याकाळ एका बाकावर काढणाऱ्या मैत्रिणी. काकू त्या जनावराला शिव्या देई आणि मावशी त्यात भर घाली. ज्यांनी बघितलं ते सांगत, काळंकुट्ट आहे, अंगावर राठ केस आहेत, सुळे बोटभर बाहेर आहेत. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, रानडुक्कर आहे मेलं, माझा भोपळ्या तर कसा गुलाबी, गुळगुळीत होता. बोलायला सोपं होतं. पण पाळीव डुक्कर रानात राहिलं की त्याचे केस वाढतात, सुळे कापायला कुणी नसतं आणि चिखलात सगळ्यांचाच रंग एक होतो, हे गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

शिवाय सकाळच्या फेरीत तिला दिसत होतं. कुंपणाच्या बाहेर, फाटकाशी, एकाच जागी माती तुडवलेली असे. तिने स्वतःची समजूत घातली की रानातला नर आपल्या डुकरिणींच्या वासाने येतोय. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तिने ते कुणाला सांगितलं नाही. करंट तेवढा वाढवला. येऊ दे मेल्याला, नाक भाजून जाईल, असं मनात म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

शेवटी कचेरीने शिकारी पाठवला, आणि शिकारी निघाला मावशीचा सख्खा जावई. पाठवायला दुसरा कुणी नव्हताच, या भागाचं काम त्याच्याकडेच. पिकात घुसणारी जनावरं मारायची, आणि कुणाचं जनावर बेवारस फिरताना सापडलं तर तसं लिहून द्यायचं. मुलीने हे स्थळ घरी सांगितलं तेव्हा मावशीने आकाशपाताळ एक केलं होतं. डुकरं पाळणाऱ्या घरात डुकरं मारणारा! लग्न व्हायचं ते झालंच. नवा जावई पहिल्यांदा फाटकाशी आला तेव्हा मावशीने दोरीकडे बोट दाखवून त्याला सांगितलं, "ही तार तुमच्यासाठीपण आहे असं समजा." तो समजला. तेव्हापासून मुलगी माहेरी आली की तो बाहेर गाडीत बसून राही, घरून आणलेला डबा खाई आणि संध्याकाळी बायकोला घेऊन परत जाई. मावशीच्या मते तो हट्टी होता. मुलीच्या मते दोघंही.

हाक्याच्या दिवशी सकाळी प्रत्येक घरातून एक माणूस आला. मावशीही गेली, कारण न जावं तर लोकांनी कारण विचारलं असतं. डबे वाजवत माणसं मक्याच्या शेतात त्या टोकाने शिरणार, त्यात लपलेलं डुक्कर या टोकाला रस्त्यावर बाहेर पडणार आणि जावई गोळी घालणार, असा बेत. जावयाने मावशीला आपल्या मागे रस्त्याकडेच्या लाकडी खांबापाशी उभं केलं. इथे धोका नाही, एवढंच म्हणाला. मावशीच्या एप्रनच्या खिशात नेहमीप्रमाणे पांढऱ्या दोरीची गुंडाळी होती, टोकाला आकडा. ती गुंडाळी घेतल्याशिवाय ती कुणाच्या लग्नालासुद्धा जात नसे.

डबे वाजले. मका हलला. डुक्कर समोरून यायला हवं होतं, ते बाजूच्या चरातून वर आलं. जावई गर्रकन वळला, टाच निसरड्या काठावरून गेली आणि तो उताणा पडला. बंदूक हातभर लांब चिखलात. डुक्कर मान खाली घालून घुरघुरत उभं राहिलं. मागे डब्यांचा गोंगाट, पुढे मोकळा रस्ता, आणि रस्त्यात आडवा पडलेला माणूस.

अशा वेळी विचार करायला वेळ नसतो, असं लोक म्हणतात. खोटं आहे. मावशीला पुरेपूर वेळ होता. रानातलं जनावर असेल तर करंट नसलेल्या दोरीचा काही उपयोग नव्हता, जावयाच्या जोडीला आपणही तुडवले जाणार होतो. भोपळ्या असेल तर तो थांबणार होता, आणि थांबला की सगळ्या गावाला कळणार होतं. शेड जाणार होतं. दोरी खिशातच राहिली तर शेड राहणार होतं आणि मुलीचा नवरा बहुधा जाणार होता. हे सगळं तिच्या डोक्यात अगदी स्पष्ट आलं. तोवर तिच्या हातांनी आकडा खांबाला अडकवला होता.

ती दोरी ओढत रस्त्याच्या त्या कडेला पळाली आणि जावयाच्या पुढे उभी राहिली. डुक्कर सुटलं ते सरळ अंगावर. आणि दोरीपासून वीतभर अंतरावर त्याने चारी पाय रोवले. चिखल उडून मावशीच्या तोंडावर आला. डुक्कर नाक वर करून उभं राहिलं. उजवा कान फाटलेला होता. घशातल्या घशात त्याने बारीक हुंकार दिला.

मागे जावई उठला होता, बंदूक त्याच्या हातात होती. त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं. एवढं जवळ, एवढं स्थिर जनावर त्याला पुन्हा मिळालं नसतं. मावशी हलली नाही.

"तो भोपळ्या आहे," ती म्हणाली.

"तो बुडाला म्हणून तुम्ही कचेरीत सांगितलंय."

"सांगितलंय. पण हा भोपळ्या आहे."

जावयाने बंदूक खाली केली. "मालक असलेलं जनावर मारायची मला परवानगी नाही," तो म्हणाला. "पण मग लिहावं लागेल, मावशी. जसं आहे तसं."

"लिहा."

त्याने बंदूक पाठीला लावली आणि दोरीचं एक टोक मागितलं.

अशी ती वरात निघाली. पुढे भोपळ्या, मागे दोरीचा अर्धा वेढा, एक टोक सासूच्या हातात, एक जावयाच्या. दोघं आजवर एकमेकांशी जेवढी वाक्यं बोलले नव्हते तेवढी त्या रस्त्यात बोलले, आणि ती सगळी 'जरा डावीकडे' आणि 'सैल सोडा' अशी होती. गाव दारात उभं होतं. काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "रोज माझ्याशेजारी बसून याच डुकराला शिव्या घालत होतीस की गं." मावशी थांबली नाही. घालत होते, एवढंच म्हणाली. तिला फार लाज वाटली. लाजेपेक्षा आनंद जास्त होता, आणि त्याची आणखी लाज वाटली.

फाटकाशी भोपळ्या थांबला. मावशीने करंट बंद केला, फाटक सताड उघडलं. भोपळ्या जागचा हलेना. मावशीने खाली बघितलं. तो उभा होता ती तीच जागा, रोज सकाळी तुडवलेली दिसायची ती. खुरं जुन्या ठशांत बरोबर बसली होती. त्याच्या नाकावर भाजल्याचे पांढरे चट्टे होते, काही जुने, काही ताजे. एका झटक्यात शिकणारं जनावर, पण आत यायला त्याने पुन्हा पुन्हा नाक लावलं होतं.

तो घरी येत होता. रोज येत होता, आणि तिने घाईघाईने तार ओढून त्याला बाहेर ठेवला होता, वर करंट वाढवला होता. नवरा गेला तेव्हाही मावशी चारचौघांत रडली नव्हती. आता जावयासमोर रडली, एप्रनला नाक पुसलं आणि कामाला लागली.

तिने आपल्या हाताने दोरी सोडली, खांब उपटले, कुंपणाची ती बाजू सगळी मोकळी केली. आतली डुकरं बघत उभी राहिली, एकही बाहेर आलं नाही. जिथे दोरी होती त्या रेषेवर तिने जाड पेंढा पसरला, रेष दिसू नये म्हणून. भोपळ्या पेंढा हुंगे आणि मागे सरे. मावशीला मागे दोरी धरणं भाग होतं, म्हणून तिने जावयाला खाण्याची बादली घेऊन पुढे व्हायला सांगितलं. बादली वाजवत चला, तुमच्यामागे येईल.

जावई बादली घेऊन पेंढ्यापर्यंत आला आणि थांबला.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"आत जाऊ?"

हा माणूस हट्टी नाही, हे मावशीला तेव्हा कळलं. एकदा सांगितलं होतं, तेवढं त्याने ऐकलं होतं.

"तार काढलीय ना मी," ती म्हणाली. "या."

जावयाने पेंढ्यावर पाय टाकला, मग दुसरा. बादली वाजली. भोपळ्याने एक खूर पुढे ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं, आणि मग अंग आक्रसून एकदम पळत आत गेला. बादलीत तोंड घालून तो हुंकार देत राहिला.

शेड राहणार की जाणार हे आता कचेरी ठरवणार होती. जावयाने उपटलेल्या खांबांकडे, उघड्या पडलेल्या बाजूकडे बघितलं. सासूची शिस्त त्याने बायकोकडून ऐकलेली होती. त्याने बाह्या सरसावल्या आणि दोरीची गुंडाळी उचलली. म्हणाला, मी खांब ठोकतो, तुम्ही दोरी ओढा.

"राहू दे," मावशी म्हणाली. "आधी चहा."