बुधवारचा भात

“बंद करा ते गाणं, लीलाबाई! अर्ज आलाय तुमच्याविरुद्ध.”

हवालदार उंबऱ्याबाहेर उभा होता, पण त्याची काठी मात्र आत आली होती. आत होतं काय, तर एक शिलाई मशीन, ब्लाऊजांचा ढीग आणि चटईवर बसलेल्या चार बायका. चौघी जन्मापासून ख्रिस्ती. कुंडलच्या अलीकडच्या त्या वाडीत दर बुधवारी संध्याकाळी लीलाबाई आवळे मशीनवर चादर टाकायची, मग दोन गाणी आणि एक प्रार्थना. वर्षानुवर्षं हेच.

“कसला अर्ज?”

“लोकांना बाटवता म्हणून.”

“कुणाला बाटवलं? हिला? हिचा आजा पाळक हुता!” लीलाबाई ताडकन उठली. “तुमच्या मंडळींचा ब्लाऊज ह्याच मशीनवर शिवलाय. बाटल्या का त्या?”

बायका फिस्सकन हसल्या. हवालदार नाही हसला. “परवानगी काढा. मग गा.”

परवानगी! स्वतःच्या घरात, स्वतःच्या देवाशी बोलायला! तो शब्द लीलाबाईच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. पाणी पिऊन जाईना, भाकरी गिळून जाईना.

शनिवारी चर्चचा तरुण पाळक ऋषिराज लोंढे उपाय घेऊनच आला.

“निवडणुकीला उभे आहेत ना, ते अवधूतदादा एक फोन लावतील, मिटेल सगळं. उद्या कापणीच्या सणाला येतायत ते. पुलपिटावरून चार शब्द बोलतील. मग मीही चर्चच्या मंडळीला सांगेन, मत कुणाला द्यायचं ते.”

“पुलपिटावरनं?”

“आपण मूठभर माणसं, मावशी. कुणाचा तरी हात लागतो डोक्यावर.”

“आन् ज्याचा हाय, त्यो काय रजेवर गेलाय व्हय?”

ऋषिराजनं मान डोलावली. पण बेत काही बदलला नाही.

आता त्या चर्चची एक रीत होती. जिथून उपदेश होतो त्या लाकडी पुलपिटावर फक्त देवाचं वचन उघडायचं. बाकी कुणीही असो, लग्नात आभार मानणारा मामा की कारखान्याचा बडा साहेब, बोलायचं ते खाली जमिनीवर उभं राहून. लीलाबाईचा नवरा गेला तेव्हा तिचा दीर दोन शब्द बोलला, तेही खालूनच. ती कधी या गोष्टीवर बोलली नव्हती. बोलायची वेळच आली नव्हती.

रविवारी पुलपिटासमोर ऊस, द्राक्षं, शाळूची कणसं, हे एवढाले भोपळे! अवधूतदादा आले, मागे मोबाईल उंचावलेली पोरं.

“या दादा, वर या,” ऋषिराज म्हणाला.

दादांनी पायरीवर पाय ठेवला, तर पुढ्यात लीलाबाई! पदराला टोचलेली सुई काढायचंही तिला भान नव्हतं.

“पाव्हणं म्हणून आलाय, बसा. जेवून जा, मटण हाय. बोलायचं तर हितं खाली बोला. वर न्हाई.”

“बाई, तुमच्याच कामासाठी आलोय मी.”

“मग करा की! पोलिसानं माज्या दारात काठी घालू नये, ह्यो कायदाच हाय न्हवं? त्यो सगळ्यांसाठी चालवा. त्याच्या बदल्यात ही पायरी का मागता?”

“मावशी!” ऋषिराज मधे पडला.

“तू थांब रं. उद्या आपला माणूस निवडून आला आन् त्यानं कचेरीत बायबल वाचायची सक्ती केली, तर त्याला बी मी अशीच आडवी जाईन. दादा, तुमचं राज्य कचेरीत. हितं तुमी बी पापी, मी बी पापी.”

दादा हसले. त्यांनी पाय खाली घेतला, सगळ्यांना हात जोडले आणि गाडीत बसून निघून गेले. त्यांनी फोन काही लावला नाही.

जेवणाच्या पंगतीत लीलाबाईशेजारी कुणी बसलं नाही. “लय शाणी! आता भोगा समद्यांनी,” हे तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. मटण तसंच ताटात राहिलं.

बुधवार आला. लीलाबाईनं मशीनवर चादर टाकली, चटई अंथरली. दारात चपला मात्र तिच्या एकटीच्याच. ती वाट बघत राहिली. दिवा लागायची वेळ टळून गेली.

भिंतीपलीकडून शेजारीण चांदबी ओरडली, “आवं लीलाबाई! आज बी गप का? पयल्या गाण्याला मी भात टाकते आन् तुमच्या आमेनला उतरवते. गेल्या बुधवारी पार करपला की!”

“बाया न्हाईत आल्या, चांदबी.”

“तुमी हाय न्हवं? का भात बी परवानगी काढून शिजवू?”

लीलाबाई उठली. तिनं दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली आणि चटईच्या मधोमध बसून गाणं उचललं. चार गळ्यांचं गाणं एका गळ्यात मावेना, वरच्या सुरात आवाज फाटला. गल्लीच्या तोंडाशी हवालदाराची मोटरसायकल येऊन थांबल्याचं तिला ऐकू आलं. तिनं डोळे मिटले आणि दुसरं गाणं पहिल्याहून मोठ्यानं म्हटलं.

मग प्रार्थना. नावं घेतली चार बायकांची, ऋषिराजची, दादांची, हवालदाराचीसुद्धा.

“आमेन,” ती म्हणाली.

पलीकडे चुलीवरून पातेलं उतरल्याचा आवाज आला.