चेकचे दोन दिवस

चेक लिहायचा असला की अप्पा आधी हात धुऊन यायचे. मग टेबलावरचं प्लास्टिक कोरड्या फडक्याने पुसायचं, काळं पेन कॅलेंडरच्या पाठीवर दोनदा गिरवून बघायचं आणि मगच चेकबुक उघडायचं. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं खरेदी खात्यात काढलेला माणूस. कंपनीचा असो की घरचा, श्यामकांत अशी सही असलेला एकही चेक आजवर परत आला नाही, हे वाक्य सुनेने, म्हणजे अनुयाने, सहा वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते भिंतीवरच्या घड्याळासारखं ऐकू येऊनही येत नसे.

डिसेंबरातला बुधवार होता. अनुयाचा नवरा गंधार सकाळी पावणेसातलाच ऑफिसला निघून गेला होता. साडेतीन वर्षांची चिमी तिच्या पायाला लटकून पोळीचा रोल मागत होती, कुकरची तिसरी शिट्टी राहिली होती, आणि अप्पा चिमीच्या नर्सरीच्या फीचा चेक लिहीत होते. अठ्ठेचाळीस हजार पाचशे.

"चिमीची पहिली फी माझी," ते म्हणाले. "ती तुझ्या पोटात होती तेव्हाच ठरलंय हे."

शाळा खरवईच्या अलीकडे, नवीन. फार नावाजलेली वगैरे नव्हती. पण तिचं फाटक अनुयाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. बाकी पाच शाळा ती बघून आली होती. सगळीकडे व्हॅन, व्हॅन म्हटली की ड्रायव्हर आला, त्याचा मदतनीस आला, रोज पाऊण तास पोर अनोळखी माणसांच्या हाती आली. लोक म्हणायचे, अगं सगळ्यांचीच मुलं जातात. जात असतील. रात्री डोळे टक्क उघडे ठेवून पडणारी त्यांच्या घरात कोणी नसेल. या एका फाटकासाठी तिने फॉर्म भरला, दोनदा मुलाखतीला जाऊन बसली, आणि चाळीस जागांमध्ये चिमीचं नाव अडतिसावं लागलं.

"अप्पा, खात्यात आहेत ना तेवढे?" तिने जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं.

"नऊ हजार आहेत."

तिने चिमीच्या हातात पोळीचा रोल दिला.

"उद्या साठ हजारांची एफडी सुटतेय," अप्पा खुशीत म्हणाले. "आज चेक द्यायचा. शाळा बँकेत टाकणार, क्लिअरिंगला जाणार, शुक्रवारी वटणार. तोवर पैसे येऊन बसलेले असतील. चेक दिला की दोन दिवस आपले असतात, अनुया. ते दोन दिवस ज्याला वापरता येतात त्यालाच खरेदी खातं कळलं."

अनुयाला माहीत होतं की ते दोन दिवस आता उरलेले नाहीत. ऑक्टोबरातच बँकेचा मेसेज आला होता: यापुढे चेक त्याच दिवशी, काही तासांत वटेल, खात्यात पुरेशी रक्कम ठेवा. अप्पांच्या खात्याचे मेसेज तिच्याच फोनवर यायचे. त्यालाही कारण होतं. मे महिन्यात कुणा 'मॅनेजर'चा फोन आला आणि अप्पा त्याला कार्डाचा नंबर सांगू लागले, तेव्हा तिने धावत येऊन त्यांच्या हातातून फोन काढून घेतला होता. पैसे वाचले. पण अप्पा तीन दिवस जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलले नाहीत, आणि सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मोठ्या माणसाच्या हातातून असा ओढून घ्यायचा नाही गं फोन." मग गंधारने बँकेत जाऊन वडिलांच्या खात्याला बायकोचा नंबर लावला. अप्पांनी त्यानंतर एकाही मेसेजची चौकशी केली नाही.

"अप्पा, ते ऑक्टोबरपासून ना..."

"काय?" पेन वरच्या वर थांबलं.

तिसरी शिट्टी झाली. "काही नाही. तारीख नीट घाला म्हटलं."

"मला तारीख सांगतेस?" अप्पा हसले आणि सही केली.

शाळेने बुधवार हाच शेवटचा दिवस दिला होता, त्यामुळे चेक एक दिवस दाबून ठेवायचीही सोय नव्हती. शाळा बँकेत उद्या टाकेल, अशी मनाची समजूत घालत ती दहाला शाळेच्या ऑफिसात पोचली. खिडकीतल्या कीर्ती मॅडमनी चेक घेऊन समोरच्या पाकिटात सरकवला. "बरं झालं लवकर आलात. आमचा माणूस आत्ताच बँकेत निघालाय."

दीडच्या सुमाराला चिमीला वरणभात भरवताना फोन थरथरला. चेक परत, खात्यात रक्कम अपुरी. चार मिनिटांनी कीर्ती मॅडमचाच फोन.

"अनुया मॅडम, तुमचा चेक परत आला हो."

"उद्या सकाळी भरले तर? उद्या नक्की येतायत पैसे."

"माझ्या हातात असतं तर मी थांबले असते. पाच वाजता यादी बंद होते. वेटिंगला बावीस आहेत, त्यातले चौघं आत्ता बाहेर बाकावर बसलेत. चेक आता परत घेणार नाहीत. एनईएफटी करा, पाचच्या आत आमच्या खात्यात दिसली पाहिजे."

तिने गंधारला फोन लावला.

"माझ्याकडे अकरा हजार आहेत," तो कुजबुजला. मीटिंगमध्ये असावा. "कार्ड माईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला संपलंय, तुला माहितीये."

"मग एफडी आजच मोडावी लागेल. अप्पांना सांगायला हवं."

"हां, मग सांग ना."

"मी?"

"मी फोनवर सांगितलं तर जास्त लागेल त्यांना."

"तुझे वडील आहेत, गंधार."

"म्हणून तर," तो म्हणाला, आणि पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली.

अप्पांची शाखा अंबरनाथला, जुन्या पगाराच्या खात्याची. ती चारला बंद व्हायची. आता दोन वाजले होते, आणि अप्पा आतल्या खोलीत छातीवर पेपर ठेवून आडवे झाले होते. अनुया दारात उभी राहिली. कोणते शब्द वापरावेत याचा विचार करण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं. तिने त्यांना हाक मारली आणि नुसता फोन पुढे केला.

अप्पांनी चष्मा लावून मेसेज दोनदा वाचला.

"चुकून आलंय हे. सकाळी दिलेला चेक दुपारी परत कसा येईल?"

"आता तसंच झालंय, अप्पा. शाळेची बँक चेक स्कॅन करून पाठवते, आपली बँक त्याच दिवशी उत्तर देते. ऑक्टोबरपासून."

अप्पा काही वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले. सकाळी धुतलेल्या.

"मग आता?"

"एफडी आज मोडायची. चारच्या आत. नाहीतर पाचला जागा जाते."

"एका दिवसासाठी व्याज कापतील."

"कापू देत," ती म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून तिलाच दचकायला झालं.

अप्पा उठले. कपाटातून फाइल काढली, पावती काढली. "माईची सही लागेल. एफडी दोघांच्या नावावर आहे. मुदत संपली की एकाची चालते, आधी मोडायची तर दोघांची. हे नसेल तुझ्या फोनवर."

नव्हतं. हे तिला खरंच माहीत नव्हतं. एकट्या अप्पांना घेऊन गेली असती तर तिथून परत फिरावं लागलं असतं.

माई पलंगावर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. अप्पांनी पावती उलटी करून पुढे धरली. "इथे सही कर."

"कशावर?"

"कर गं."

"न वाचता सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंय मला."

"चेक परत आला माझा," अप्पा म्हणाले.

माईंनी मान वर केली. काळ्या काचांमागे काय होतं ते कळलं नाही. पेन घेऊन त्यांनी सावकाश सही केली. अक्षरं चढण चढल्यासारखी वर वर गेली. मग म्हणाल्या, "चिमी राहील माझ्याजवळ. निघा तुम्ही."

स्कूटीवर अप्पा मागे बसले ते फाइल काखेत आणि हात मागच्या दांडीला. सुनेच्या खांद्याला हात लावणं त्यांना कधी जमलं नव्हतं. आनंदनगरच्या एमआयडीसीपाशी टँकरची रांग लागली होती, रस्ता खणलेला, धुळीने समोरचं दिसेना. एक टँकर अगदी चिकटून गेला तेव्हा मात्र तिच्या खांद्यावर हात पडला, आणि मग तो तिथेच राहिला.

"तुला माहीत होतं," मागून आवाज आला.

"हो."

"सकाळी तेच सांगत होतीस."

"हो."

"मग गप्प का बसलीस?"

तिला काहीतरी गोड बोलता आलं असतं. एरवी ती बोललीही असती. पण पुढे खड्डा होता, मागे हॉर्न होता, आणि घड्याळात पावणेतीन झाले होते.

"मे महिन्यात तुमच्या हातातून फोन घेतला, तेव्हा तीन दिवस घरात कोणी बोललं नाही. पुन्हा तसे तीन दिवस मला झेपले नसते, अप्पा."

बँकेपाशी अप्पा उतरले आणि फाइल घेऊन तिच्या आधी आत शिरले.

काउंटरवर तेजस्वी नावाची मुलगी होती, अनुयापेक्षाही लहान. पावती बघून ती म्हणाली, "काका, एकच दिवस राहिलाय. उद्या या ना, पाचशे सत्तरचं नुकसान होतंय तुमचं."

"आजच हवेत. चेक परत आलाय."

"अच्छा, तसं झालं होय! रोज चार-पाच जण येतात हो हेच घेऊन. सगळ्यांना वाटतं दोन दिवस लागतील."

"त्यांत खरेदी खात्यातला कोणी असतो का?" अप्पांनी विचारलं.

तेजस्वीला काही कळलं नाही. तिने पावती उलटी केली, दोन्ही सह्या पडद्यावरच्या सह्यांशी ताडून पाहिल्या. माईंच्या सहीपाशी जरा थांबली. अनुयाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिच्या," अप्पा म्हणाले. "पण र अजून तसाच काढते बघा."

तेजस्वी हसली आणि शिक्का मारला. मग साहेबांची मंजुरी, मग एनईएफटीचा फॉर्म. अप्पांनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसली आणि शाळेचा खाते नंबर एकेक आकडा मोठ्याने म्हणत भरला. अनुयाने शाळेच्या पत्रावर बोट ठेवून प्रत्येक आकड्याला "हं" म्हटलं. चार वाजून सात मिनिटांनी, शटर अर्धं खाली आल्यावर, तेजस्वी म्हणाली, "गेले. अर्ध्या तासात दिसतील."

बाहेर टपरीवर अप्पांनी दोन चहा सांगितले. दोघांनीही फोनकडे बघत ते गार केले. चार छत्तीस. चार चव्वेचाळीस. बाकावर बसलेली ती चार माणसं अनुयाला दिसत होती. त्यांतही एखादी तिच्यासारखीच खिडकीतून फाटक बघणारी असेल, असं तिच्या मनात आलं. पण तिच्यासाठी वाईट वाटून घ्यायला जागा उरली नव्हती. चार एक्कावन्नला कीर्ती मॅडमचा मेसेज आला. पावती नंबर, खाली चिमीचं पूर्ण नाव.

तिने फोन अप्पांकडे दिला. त्यांनी नाव वाचलं. "स्पेलिंग बरोबर आहे," एवढंच म्हणाले, आणि चहाचे पैसे सुटे मोजून दिले.

घरी पोचेपर्यंत चिमीने माईंचा काळा चष्मा आपल्या नाकावर चढवला होता. अनुया खुर्चीत बसली ती पर्सही खांद्यावरून न काढता. भांडी तशीच, वरणभाताचं ताट तसंच. तेही उठून आपल्यालाच करायचंय, हे तिला एखाद्या लांबच्या बातमीसारखं कळत होतं.

अप्पा हात धुऊन आले. टेबल पुसलं, पेन गिरवून पाहिलं आणि चेकबुकातलं नोंदींचं पान उघडलं. सकाळच्या नंबरासमोर त्यांनी काळ्या शाईत लिहिलं: परत. शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.

"अनुया, फोन आण," ते म्हणाले. "बँकेचे मेसेज वाचून दाखव. मे महिन्यापासूनचे."

"सगळे? दीड-दोनशे असतील, अप्पा."

"मग रोज वीस. संध्याकाळच्या चहानंतर."

चहानंतरची वीस मिनिटं. चिमी माईंजवळ कार्टून बघते, कुकर लागायचा असतो, आणि अनुया खिडकीशी पाय वर घेऊन नुसती बसते. दिवसातली तेवढीच तिची. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि या वेळी मिटलं नाही.

"आठवड्यातून दोन दिवस गंधार वाचेल," ती म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "सांगतो त्याला," ते म्हणाले. "आज तू वाच."

ती फोन घेऊन खिडकीशी बसली. सगळ्यात वरचा मेसेज तासाभरापूर्वीचा होता.

"चेक परत आल्याचा चार्ज. पाचशे रुपये, अधिक जीएसटी नव्वद."

"जीएसटी? चेक परत आल्यावर?"

"हो."

"कमाल आहे," अप्पा म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

खाली रस्त्यावरचे दिवे लागले होते. शाळेचा वॉचमन फाटक ओढून घेत होता. एक दार अडलं, त्याने पायाने लोटलं, मग कडी घातली. इथून कडीपर्यंत सगळं स्पष्ट दिसत होतं.

"पुढचा," अप्पा म्हणाले.