तीन बदामांची दीक्षा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर संकेतबाबा, त्यांच्यापुढे मखमली उशी, आणि उशीवर देव नव्हे, मोबाइल!

"दीक्षा सोपी आहे, भक्तांनो! माझे तीन व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा, तिन्हींना पसंतीचा लाल बदाम द्या. प्रश्न मनातच ठेवा. उत्तर पडद्यावर आपसूक येईल. एकदा आलं तर योगायोग, तीनदा आलं तर ईश्वरी आज्ञा!"

"मला आली हो आज्ञा!" माणसं ढसाढसा रडत होती.

पहिल्या रांगेत शिलाईकाम करणारी ताई हात जोडून बसली होती. बाई भाबडी, पण भक्ती शंभर नंबरी. शेजारी धाकटी बहीण, शाळेत भूमिती शिकवणारी, ओठ आवळून बसलेली. ताईला काचबिंदू होता. रोजच्या थेंबांवर तिची नजर टिकून होती. पण बाबांचा 'थेंब म्हणजे विष, बाटली फेका' हा व्हिडिओ तिला तीनदा आला आणि बाटली कचऱ्यात गेली. त्याला बारा दिवस झाले. परवा सुईत दोरा ओवताना तिनं चार वेळा बोट टोचून घेतलं, ते धाकटीनं पाहिलं.

तीनदा येणारच! समोर येईल त्या व्हिडिओला ताई बदाम द्यायची. "दारात आलेल्याला ओळख न देता पुढं जायचं? आईनं शिकवलं का असं?"

धाकटी उठली. "बाबा, माझाही प्रश्न आहे. हा घ्या फोन."

बाबांनी फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला, डोळे मिटले, अंगठा सरकवला. डबक्यात डुंबणारी म्हैस. परत सरकवला. खांबाला पाठ घासणारी म्हैस. तिसऱ्यांदा म्हैस आणि तिचं रेडकू.

"तीनदा आली," धाकटी म्हणाली. "काय आज्ञा?"

बाबांनी घसा खाकरला. "म्हैस म्हणजे संयम! बाई, तुमचं मन फार चंचल..."

"माझ्या मनात बहिणीचे डोळे आहेत. म्हशी अशासाठी आल्या, की नव्या खात्यावर दोन दिवस मी फक्त म्हशींनाच बदाम दिले!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"या यंत्राला मन कळत नाही, बोट कळतं. तुम्ही कशाला बदाम दिला, काय शेवटपर्यंत पाहिलं, हे ते टिपतं आणि तसलंच आणखी पुढं ठेवतं, तुम्ही फोन खाली ठेवू नये म्हणून. बाबांची दीक्षा म्हणजे बाबांचंच बी तुमच्या हातून पेरून घेणं. मग उगवणार काय?"

"पण मला माझ्याच प्रश्नाचं उत्तर आलं!" एक केशकर्तनकार ओरडला.

"दादा, व्हिडिओ आले असतील पन्नास. तुम्हाला लागू पडला तो लक्षात राहिला, एकोणपन्नास विसरलात."

बाबा गरजले, "नास्तिक! बाहेर काढा हिला!"

ताईचा चेहरा पांढरा पडला. "देवाला खोटं म्हणतेस गं?"

"देवाला मध्ये का ओढतेस, ताई? तुझं मन कळायला देवाला तुझा अंगठा लागतो होय?"

ताईनं पडद्यावरच्या रेडकाकडे पाहिलं. मग बहिणीचा हात धरून उठली. "चल दवाखान्यात."

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. उरलेलं थेंबांनी राखता येणार होतं.

"कापडाला कात्री लावायच्या आधी मी दोनदा मोजते गं," ताई म्हणाली, "आणि स्वतःच्या डोळ्यांना न मोजताच लावली."

तेव्हा बाबांनो, बायांनो, देवाचं नाव खुशाल घ्या, मीही घेतो. पण पडद्यावर आज्ञा उमटली, की आधी आठवा, काल आपण काय दाबलं होतं? आणि औषधाचं विचारायचं ते डॉक्टरांना, म्हशींना नव्हे.